शेवटच्याच्या हातातली घंटी

यमाजीचा दिवस पहाटे चारला सुरू झाला. गजराबाईनं शेजारच्या खाटेवरूनच काठीनं त्याच्या पायाला ढोसलं. मोबाइलचा गजर वाजून बंद झाला होता. मागं कोंबडाही आरवून गेला होता. यमाजीला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं. म्हणून तर ही काठी खाटेला कायमची टेकवलेली. एकदा ढोसलं तर ऊठ. दोनदा ढोसलं तर कूस बदल, घोरतोयस.

मेंढरं विकल्यावर यमाजीनं बरीच वर्षं खडीच्या क्रशरवर काढली. दगड फुटताना जो आवाज व्हायचा तो संध्याकाळी घरी यायचा, जेवायला बसायचा, झोपायला संगं असायचा. मग हळूहळू तो गेला आणि जाताना बाकीचे आवाजही घेऊन गेला. शिबिरात ऐकण्याचं एक फुकटचं यंत्र मिळालं होतं. ते कानात शिट्टी मारायचं, आणि पहिल्याच पावसाळ्यात ओलं होऊन बंद पडलं. नारायणगावात दुकानदारानं दुसरं दाखवलं. ओल्यात टिकेल असं. त्यासाठी पैसे साठवायचं काम चालू होतं. बाजरीच्या कोठीत एक डबा होता. रविवारची मजुरी घरी आली की गजराबाई ती त्यात टाकायची आणि वर बाजरी सारखी करायची.

हे फक्त तिला ठाऊक होतं. ऐकू येत नाही, हेही फक्त तिलाच.

"आज धुई हाय," गजराबाई दारातल्या दाट धुक्याकडं हात करून, मग त्याच्यासमोर तोंड आणून, सावकाश म्हणाली. "जाऊ नगा म्हणलं तर ऐकाल का?"

"मला कुठं ऐकू येतंय," यमाजी म्हणाला.

ती हसली नाही. तिनं भाकरी बांधून दिली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि खुंटीवरची घंटी काढून हातात दिली.

डोंगर फिरायला येणारी माणसं नऊला यायची. पण त्याआधी वर जाऊन वाट बघून यायची असा यमाजीचा नेम. ओढ्याला पाणी किती, कुठं दरड घसरलीय, कुठला दगड रात्रीतून सुटलाय. मढ गावापासून वरच्या पठारापर्यंत चांगली दमवणारी चढण आहे. ती अंधारात एकदा चढायची, उतरायची आणि मग लोकांना घेऊन पुन्हा चढायची. पहिल्या चढणीची मजुरी कुणी देत नव्हतं. यमाजीनं मागितलीही नव्हती. न बघितलेल्या वाटेवर मेंढरू घालायचं नाही, एवढंच त्याला माहीत होतं.

ही माणसं आणायचा सुदर्शन. पिंपळवंडीचा, बागाईतदाराचा मुलगा, शेती भावावर सोडून मिनीबस घेतलेला. भीमाशंकरच्या अभयारण्यात पावसाळ्यातल्या रविवारी पाय ठेवायला जागा नसते. गाड्या घाटातच अडकतात, लोक गाडीत बसून वडापाव खातात आणि तसेच माघारी जातात. सुदर्शननं ते बघितलं आणि पुण्याच्या लोकांना इकडं, मढच्या वरच्या पठारावर आणायला सुरुवात केली. 'गर्दीच्या पलीकडचा एक दिवस' अशी त्याची जाहिरात. ती खोटी नव्हती. भादव्यात पठार सोनकीच्या फुलांनी पिवळं होतं. पाणी जिथं तिथं वाहतं. कड्याच्या टोकाला उभं राहिलं की खाली कोकण दिसतं. याच वाटेनं यमाजीच्या बापानं, आज्यानं दिवाळी झाली की मेंढरं खाली उतरवली होती. त्यामुळं वाट त्याच्या पायात होती, कान नसले तरी.

पण सुदर्शनला हे पटलं नसतं. गेल्या साली मढच्याच दुसऱ्या वाटाड्याला, भागूला, डोळ्यानं कमी दिसायला लागलं, तेव्हा सुदर्शननं त्याला चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भागूमामा, आता नातवंडं खेळवा." भागू पुन्हा गाडीजवळ आला नाही. म्हणून यमाजी सुदर्शनच्या तोंडाकडं बघून बोलणं ओळखायचा. बाकीचे हसले की हसायचा. कुणी पाठीमागून बोललं तर मात्र त्याचा नाइलाज होता. लोक म्हणायचे, बाबा फार बोलत नाहीत. अबोल आहेत. पुण्याच्या लोकांना ते आवडायचं.

त्यांना सगळ्यात आवडायची ती घंटी.

धनगराची रीत अशी की मेंढका, मेंढरं राखणारा, पुढं चालतो. मागं वळून बघत बसत नाही. कळपातलं सगळ्यात मागं पडणारं जे असेल, लंगडं किंवा म्हातारं, त्याच्या गळ्यात घंटी बांधायची. मागून घंटी वाजतेय तोवर सगळी येतायत. आणि मेंढरं बोट करून मोजायची नाहीत. मोजली की त्यातलं एक जातं, असं यमाजीच्या आईनं त्याला लहानपणी सांगितलं होतं, आणि त्यानं जन्मात कधी मोजली नव्हती. त्याला गरजही पडली नव्हती. प्रत्येकीचं तोंड ओळखीचं. कोण नाही ते नुसत्या नजरेला कळायचं.

माणसांनाही तो असाच न्यायचा. सगळ्यात सावकाश चालणारा कोण ते चढणीच्या पहिल्या वळणावर हेरायचा आणि घंटी त्याच्या हातात द्यायचा. कान गेल्यावर त्यानं एक बदल केला होता. मोठा दगड आला की थांबायचं, घंटी डोळ्यानं दिसेपर्यंत. घंटी आली म्हणजे सगळे आले. मग पुढं.

त्या दिवशी घंटी नूतनकडं गेली. पन्नाशीची बाई, गुडघ्यांना पट्टे बांधलेली, भावजयीसोबत आली होती. भावजय सोनल तरुण होती, चपळ होती.

"म्हणजे मी लंगडी मेंढी का?" नूतन हसत म्हणाली.

सोनल म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्या राणी मेंढी."

यमाजीला कुणी काय म्हणालं ते कळलं नाही, पण दोघी हसल्या म्हणून तोही हसला.

जाताना उघडीप होती. कड्यावर सगळ्यांनी फोटो काढले, डबे उघडले. मग वारं फिरलं. कोकणातून धुई वर आली ती भिंत सरकत यावी तशी. सुदर्शननं पिशवीतले रेनकोट काढले. पिवळे, प्लॅस्टिकचे, सगळे एकसारखे, डोक्यावर टोपी ओढली की नाकाचं टोक तेवढं दिसेल असे.

"आबा, चला. लवकर काढा यांना खाली," सुदर्शन म्हणाला.

यमाजी पुढं झाला. धुईत दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. गाढवधोंड म्हणतात त्या काळ्या दगडापाशी तो थांबला. पिवळे कोट एकेक करून धुईतून बाहेर येत गेले. त्यानं मोजले नाहीत. तोंडं ओळखायची तर तोंडं टोपीत होती. मग घंटी दिसली. एका कोटाच्या बाहीतून बाहेर आलेली, हलत होती. यमाजी वळला आणि चालू लागला.

त्याला ठाऊक नव्हतं ते असं. कड्यावरच एका पोरानं नूतनकडून घंटी मागून घेतली होती. "काकू, जरा द्या ना, व्हिडिओ करतो." व्हिडिओ झाला. पोरगं घंटी वाजवत मित्रांमध्ये, रांगेच्या मधोमध चालू लागलं. नूतन बुटाची नाडी बांधायला बसली. सोनलला वाटलं ती मागं आहे. मागच्यांना वाटलं ती पुढं गेली.

पुढच्या थांब्याला, कारवीच्या झुडपांपाशी, सोनल एकेकाची टोपी मागं सारून तोंड बघताना यमाजीनं पाहिली. तिसऱ्या की चौथ्या तोंडानंतर तिचं स्वतःचं तोंड बदललं. तिनं काहीतरी ओरडून विचारलं. सगळे थांबले. घंटीवाल्या पोरानं हातातल्या घंटीकडं बघितलं आणि ती दोन्ही मुठीत दाबून धरली.

यमाजीला सांगावं लागलं नाही.

सगळ्यांनी हाका मारल्या. मग सगळे गप्प झाले, श्वास धरून. त्या पोरानं एकदम हात वर केला. आवाज येत होता. बाईचा. लांबून, धुईतून, कुठूनसा. धुईत आवाज फिरतो, दिशा कळत नाही. पंधरा-वीस माणसं यमाजीकडं वळली.

"आबा," सुदर्शन त्याच्यासमोर येऊन म्हणाला, "कुठनं येतोय ओ? तुमाला कळंल."

यमाजीनं मान तिरकी केली. ऐकल्यासारखं केलं. डोक्यात फक्त तो जुना, पोकळ शांतपणा होता. सांगून टाकावं, असं त्याच्या ओठापर्यंत आलं. त्याच वेळी त्याला बाजरीच्या कोठीतला डबा दिसला. अजून थोडेच रविवार. मग यंत्र. मग कुणाला काही कळायचं कारण नाही.

त्यानं मेंढराचा विचार केला. हरवलेलं मेंढरू वाऱ्याला पाठ देतं आणि वारा नेईल तिकडं जातं. वारं कोकणातून होतं. म्हणजे बाई उगवतीकडं गेली असणार. त्यानं उगवतीकडं हात केला.

"इकडं," तो म्हणाला.

बाकीच्यांना तिथंच एकमेकांचे हात धरून बसवलं. यमाजी, सुदर्शन आणि सोनल निघाले. यमाजी झपाट्यानं चालत होता. उतार होता, गवत ओलं होतं, पाय घसरत होते. तो मागं बघत नव्हता. बघितलं असतं तर सोनल ओरडताना दिसली असती. शेवटी तिनं पळत येऊन त्याची बाही ओढली.

"काका! आवाज कमी होतोय! आपण लांब चाललोय! मघापासून सांगतेय तुम्हाला!"

यमाजीनं तिच्या तोंडाकडं बघितलं. नाकावरून, हनुवटीवरून पाणी निथळत होतं. त्यात पाऊस किती आणि रडणं किती ते कळत नव्हतं.

"मला ऐकू येत न्हाई," तो म्हणाला.

"काय?"

"कान गेल्यात माजे. दोन वर्सं झाली. त्या बाईचा आवाज मला मघाशीबी आला नव्हता. मी अंदाजानं हात केला."

 सुदर्शन बोलू लागला, आणि ते इतकं भरभर होतं की यमाजीला सगळं वाचता आलं नाही. जेवढं आलं तेवढं पुरे होतं. "बहिऱ्या माणसाच्या मागं मी माणसं सोडली! दोन वर्सं! मला देशोधडीला लावायला निघालात व्हय? तिकडं कडा हाय, आबा! कडा!"

"म्हणूनच सांगतोय," यमाजी म्हणाला. "मला नंतर शिव्या दे. पोरी, हिकडं ये. माज्या खांद्यावर हात ठेव. आवाज जिकडं असंल तिकडं खांदा ओढ. वाडला तर दाब. कमी झाला तर सोड. बोलू नको, मला कळायचं न्हाई. वाट मी बघतो."

सोनलनं हात ठेवला.  मग तिनं खांदा ओढला. मावळतीकडं. वाऱ्याच्या तोंडावर. कड्याच्या बाजूला.

आता यमाजीला कळलं. वर येताना त्यांनी ओढा ओलांडला होता. मागं राहिलेल्या नूतनला धुईत पाण्याचा आवाज आला असणार आणि तोच ओढा समजून ती त्या आवाजाच्या मागं गेली असणार. पण पठारावर दोन पाणी आहेत. एक ओढ्याचं. दुसरं कड्यावरून खाली पडतं. माणूस होती ती. मेंढरू असती तर वाऱ्यानं वाचवली असती.

ते उतरले होते तेवढं सगळं पुन्हा चढावं लागलं. यमाजीचे गुडघे पहाटेपासून तिसऱ्यांदा डोंगर चढत होते. त्यानं पाऊल लहान केलं, टाच पूर्ण टेकवून. घाई करायची तर श्वास राखून करायची, नाहीतर पोचल्यावर हातात काही उरत नाही. सोनलची बोटं खांद्यावर दाबत होती, सुटत होती, पुन्हा दाबत होती. मग ती इतकी रुतली की त्याला दुखलं. तेवढ्यात त्याच्या तळव्यांना दगडातून थरथर जाणवली. पाणी जवळ होतं. पडणारं पाणी.

त्यानं हात करून दोघांना खाली बसवलं. चपला काढल्या. पुढं नुसता कातळ, वर शेवाळ. तो चार पायांवर झाला, आणि मग पोटावर. धुईत पिवळं काहीतरी दिसलं.

नूतन कातळाच्या खाचेत बसली होती. एक पाय खाचेत अडकून नको तसा वळला होता. तिच्या पलीकडं थोडा कातळ होता आणि मग काहीच नव्हतं. तिचं तोंड उघडं होतं. ती ओरडत होती आणि यमाजीच्या लेखी सगळं गप्प होतं. तो अगदी जवळ गेल्यावर तिनं त्याची कॉलर धरली.

"किती हाका मारल्या! ऐकू येत नाही का तुम्हाला?"

हे त्याला अक्षर न अक्षर वाचता आलं.

"न्हाई, ताई," तो म्हणाला.

पाय सोडवताना ती बेशुद्ध पडायच्या बेतात होती. यमाजीनं घोंगडी तिच्या पाठीमागून घेतली, तिला पाठीवर ओढलं आणि टोकं छातीवर गाठवली. जखमी मेंढी मानेवर घेतात तशी माणसाला घेता येत नाही. माणसाचं वजन खाली ओढतं. ते कमरेवर उतरू द्यायचं नाही, खांद्यांच्या मधोमध वर धरायचं. सुदर्शननं मागून आधार दिला. सोनल पुढं, यमाजीचा हात धरून.  गवतात आल्यावर सुदर्शन समोर येऊन म्हणाला, "आबा, टेका थोडं." यमाजीनं मान हलवली. बसायचं नाही. बसलेलं ओझं पुन्हा उठत नाही. त्यानं गाढवधोंडीला हात टेकला, उभ्यानंच चार श्वास घेतले आणि निघाला. कारवीपाशी बसवलेली माणसं संगं घेतली. मग उतार. उतार चढणीपेक्षा वाईट. मांड्या पेटल्या होत्या. एका जागी त्याला वाटलं की आता पुढचं पाऊल पडायचं नाही. तरी ते पडलं. मग त्याच्या पुढचं.

मिनीबसमध्ये नूतनला मागच्या बाकावर आडवं केलं. कुणी गाणी लावली नाहीत. त्या पोरानं घंटी यमाजीच्या हातात परत ठेवली. मढमध्ये यमाजीच्या घरापाशी गाडी थांबली तेव्हा सुदर्शन खाली उतरला. त्यानं दिवसाची मजुरी यमाजीच्या हातात ठेवली, आणि त्याला कळेल असं तोंड समोर ठेवून, सावकाश म्हणाला, "पुढच्या रविवारपास्नं नका येऊ, आबा. माझा नाइलाज हाय."

यमाजीनं मान हलवली.

"घंटी तेवढी राहू द्या माझ्याकडं. लोकांना लई आवडती. जाहिरातीत हाय."

"घंटी कुणी ऐकायची?" यमाजीनं विचारलं. "मी तर ऐकतच नव्हतो. तुजा दुसरा माणूस ऐकणार हाय का, का तोबी फोटोच काढणार?"

 यमाजीनं घंटी खिशात टाकली. "थांब जरा. मीबी येतो दवाखान्यात."

घरात गजराबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि कोरडं धोतर पुढं केलं. त्यानं ते घेतलं नाही. कोठीकडं बोट केलं.

"डबा काड."

"काय झालं?"

त्यानं सांगितलं. थोडक्यात, उभ्यानंच. ती कोठीसमोर आडवी उभी राहिली.

"याड लागलंय का तुमाला? पुण्याची मान्सं ती. त्यास्नी काय कमी हाय? त्यांचा इमा असतो, टीव्हीत दावत्यात. आन् काम बी गेलं म्हणता. मग हे पैशे गेल्यावर कान कुठनं आणायचं?"

"माज्या मागं चालत व्हती ती."

"मग?"

"राखणीतलं व्हतं, गजरे."

 गजराबाई धनगराच्याच घरातली. दुसऱ्याचं मेंढरू राखणीला घेतलं आणि आपल्या हातून त्याचा पाय मोडला, तर भरपाई राखणाऱ्याची. मालक श्रीमंत की गरीब हे कुणी विचारत नाही. यमाजीच्या बापानं एकदा निमगाव सावाच्या शेतकऱ्याच्या लंगड्या झालेल्या मेंढीसाठी आपली दुभती मेंढी सोडली होती. त्या साली लेकरांना दूध नव्हतं. हे लग्न होऊन आल्यावर सासूनं तिला पहिल्यांदा सांगितलेल्या गोष्टींपैकी एक.

तिनं बाजरीत हात घातला. डबा काढला, पदरानं पुसला. देताना तिनं स्वतःच्या कानाला हात लावला आणि भुवया उंचावल्या. मग हे?

"काठी हाय की," यमाजी म्हणाला.

नारायणगावच्या दवाखान्यात नूतनला आत नेलं. सोनल तिच्याबरोबर गेली. यमाजी ओल्या कपड्यानं खिडकीसमोर उभा राहिला आणि डबा तिथंच उलटा केला. नोटांना बाजरीचं पीठ लागलं होतं. खिडकीतल्या मुलीनं काहीतरी विचारलं. सुदर्शननं त्याच्या वतीनं नूतनचं नाव सांगितलं. 

सोनल बाहेर आली तेव्हा पावती झाली होती आणि यमाजी बाकावर बसला होता. तिनं ती बघितली, यमाजीकडं बघितलं आणि बोलायला लागली. हातवारे करत, पावती त्याच्यापुढं नाचवत. यमाजीनं नजर समोरच्या भिंतीवर लावली. तोंड बघितल्याशिवाय त्याला कुणाचं काही कळत नसे, आणि या वेळी त्याला कळून घ्यायचं नव्हतं. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, तर त्यानं मान दुसरीकडं वळवली. शेवटी ती त्याच्या शेजारी बाकावर बसली.  मग तिनं पठारावरच्यासारखाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकदाच दाबला.

रविवारमागून रविवार करून साठवलेली मजुरी नूतनच्या पायाच्या एक्स-रेला आणि प्लॅस्टरला गेली. जे उरलं त्यात दवाखान्याशेजारच्या दुकानातून कुबड्या आल्या. नूतनला बाहेर आणल्यावर यमाजीनं त्या तिच्या काखेत लावून बघितल्या. त्या तिला जरा उंच होत होत्या. त्यानं खाली बसून दोन्ही कुबड्यांचा उंचीचा खटका एकेक भोक खाली घेतला.